लोकशाही आधी की घरभाडं आधी? अमेरिकेतल्या पुरोगाम्यांनी पहिलं काय हाती घ्यावं?

अंगणवेल | २२ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९:१०

इथले बरेच जण अमेरिकेत आहेत, आणि जे नाहीत तेही तिथल्या बातम्या बारकाईने वाचतात. म्हणून हा प्रश्न इथेच विचारते आहे.

मी मिशिगनमधल्या नोव्हायची. २०२४ च्या उन्हाळ्यात सिटिझन झाले आणि त्याच नोव्हेंबरात पहिलं मत दिलं. त्याआधी महिनाभर दर शनिवार-रविवार डेमोक्रॅट पक्षासाठी दारोदार फिरत होते. हातात मतदारांची यादी आणि काय बोलायचं त्याचं दोन पानी टिपण. पहिलंच वाक्य लोकशाही वाचवण्याबद्दल. एका अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर एका बाईने दार उघडलं. कडेवर मूल, मागे टीव्हीवर कार्टून. माझं पहिलं वाक्य तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "वर्षात भाडं दोनशे डॉलरने वाढलंय. त्याबद्दल तुमच्या कागदावर काही आहे का?" होतं, पण दुसऱ्या पानावर, अगदी खाली. मी पान उलटेपर्यंत ती "थँक यू" म्हणून दार लावून आत गेली.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. राज्यवार इलेक्टोरल मतांत ट्रम्प ३१२, हॅरिस २२६, आमचं मिशिगनही गेलं. शपथेच्याच दिवशी ६ जानेवारी २०२१ च्या, संसदभवनावरच्या हल्ल्यातल्या सुमारे १५०० जणांना माफी मिळाली, त्याच दिवशी जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाविरुद्ध आदेश निघाला. आता नुकतंच ४३ दिवस सरकार बंद राहिलं आणि सव्वाचार कोटी लोकांच्या अन्नमदतीचा खेळखंडोबा झाला. आणि ४ नोव्हेंबरला न्यूयॉर्कने झोहरान ममदानींना महापौर म्हणून निवडलं, ते घरभाडं, बस आणि पाळणाघर या तीन गोष्टींवर.

माझं मत असं झालंय की पुरोगाम्यांनी आधी भाड्याबद्दल बोलावं. पोटाचं बोललात तर लोक लोकशाहीचंही ऐकून घेतील. पण माझ्याच गटात यावरून रोज वाद होतात. तुम्हाला काय वाटतं? शक्यतो स्वतःच्या अनुभवातून सांगा.

पिंपळपान | २२ नोव्हेंबर, १०:०२

शंभर टक्के सहमत. माझी मावसबहीण क्वीन्समध्ये राहते, रेंट-स्टॅबिलाइज्ड घरात. अशी सुमारे दहा लाख घरं आहेत न्यूयॉर्कमध्ये, आणि त्यांचं भाडं दरवर्षी किती वाढायचं ते नऊ जणांचं एक मंडळ ठरवतं. ते नऊ जण महापौर नेमतो. म्हणजे "भाडं गोठवू" हे हवेतलं आश्वासन नाही. आधीचे महापौर डी ब्लाझिओ यांच्या काळात तीन वेळा हे झालेलं आहे. ताईचा नवरा आजवर कधी महापौराच्या निवडणुकीत मत द्यायला गेला नव्हता, या वेळी प्रायमरीलाही (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीलाही) गेला.

अजून एक गोष्ट कोणी बोलत नाही. तिथे शहराच्या रहिवाशाने छोटी देणगी दिली की पहिल्या २५० डॉलरपर्यंत शहर स्वतः आठपट भर घालतं. दहा डॉलर दिले की उमेदवाराला नव्वद मिळतात. विरोधातले उमेदवार कुओमो यांच्यामागे बड्या देणगीदारांचा पैसा होता, तरी ममदानी उभे राहू शकले ते या सोयीमुळे.

टेकडीवरचा | २२ नोव्हेंबर, ११:३५

अंगणवेल ताई, अनुभव मनाला भिडला, पण निष्कर्ष पटला नाही.

न्यूयॉर्क म्हणजे अमेरिका नव्हे. मी डॅलसच्या उत्तरेला राहतो. आमच्याकडे ऑगस्टमध्ये काय झालं बघा. मतदारसंघांचे नकाशे दहा वर्षांतून एकदा, जनगणनेनंतर बदलायची रीत. टेक्सासने ते मध्येच बदलायला घेतले. राज्यातल्या खासदारकीच्या ३८ पैकी २५ जागा रिपब्लिकनांकडे होत्या, त्या ३० व्हाव्यात म्हणून. गणसंख्या मोडायला डेमोक्रॅट आमदार राज्य सोडून इलिनॉयला जाऊन बसले, दोन आठवडे थांबले, परत आले, आणि नकाशा मंजूर झाला. त्यावर कोर्टातही लढाई सुरू झाली.

मी तो नकाशा रात्री मोठा करून पाहिला. एखाद्या गल्लीच्या या बाजूचे इकडे, त्या बाजूचे तिकडे. असा नकाशा पक्षाच्या फायद्यासाठी काढला तरी फेडरल कोर्ट त्यात पडणार नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्येच सांगून टाकलंय. आता सांगा, भाड्यावर कितीही सुंदर बोललो, तरी निकाल नकाशाच ठरवणार असेल तर त्या बोलण्याला कोण विचारतो? आधी खेळाचे नियम सरळ करा.

कट्टेकरी | २२ नोव्हेंबर, ११:५०

+१ टेकडीवरचा. पंच विकत घेतला असेल तर फलंदाजाला काय घोटवून घेता?

सडेतोड | २२ नोव्हेंबर, दुपारी १:१५

मी २०२४ मध्ये रिपब्लिकनांना मत दिलं, लपवत नाही. मीही मिशिगनचाच, ट्रॉयमध्ये वीस वर्षं.

ट्रम्प यांना सुमारे ७ कोटी ७३ लाख मतं मिळाली, हॅरिस यांच्यापेक्षा जास्त. २०१६ सारखं कमी मतं मिळूनही इलेक्टोरल कॉलेजच्या, म्हणजे राज्यवार मतांच्या, हिशेबावर ते आले नाहीत. जनतेने निवडलं हीच तर लोकशाही. निकाल आवडला नाही की लोकशाही बुडाली, हे मला मान्य नाही.

आणि पुरोगाम्यांबद्दल माझा राग जुना आहे. मी ग्रीनकार्डसाठी चौदा वर्षं रांगेत होतो. एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, या नियमापायी माझी उमेदीची वर्षं गेली, नोकरी बदलायची सोय नाही, आई आजारी असताना जाताना पोटात गोळा. त्या काळात व्हाइट हाऊसमध्ये डेमोक्रॅटही होते. कोणी बोट उचललं नाही. सीमेवरून आलेल्यांबद्दल मात्र रोज भाषणं. याचं उत्तर आधी द्या.

सप्टेंबरात नव्या एच-वन-बीवर एक लाख डॉलर फी लावली, ती मलाही चुकीची वाटते. तेवढं प्रामाणिकपणे सांगतो.

जुना_जाणता | २२ नोव्हेंबर, ४:४०

सडेतोड, चौदा वर्षांचा तुमचा राग खरा आहे. त्यावर मी इथे पुण्यात बसून काही शिकवणार नाही. पण "जनतेने निवडलं हीच लोकशाही" यावर बोलावंसं वाटतं.

१९२३ साली भगतसिंग थिंड नावाच्या शीख गृहस्थांचा खटला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. तेव्हा कायदा असा की नागरिकत्व "गोऱ्या" माणसालाच मिळे (आणि आफ्रिकी वंशाच्यांना). कोर्टाने सांगितलं, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. हिंदुस्थानी माणूस त्यात बसत नाही. एकमताने. त्यानंतर आधी दिलेली नागरिकत्वंसुद्धा काढून घेतली. सामान्य गोऱ्या अमेरिकनाला त्या काळी हे योग्यच वाटत होतं. १९४६ मध्ये दार जरा किलकिलं झालं, तेही वर्षाला शंभर माणसं.

खरं दार उघडलं १९६५ मध्ये. ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला आणि ऑक्टोबरमध्ये मूळ देशानुसार इमिग्रेशनचे कोटे ठरवण्याची पद्धत मोडीत निघाली. एकाच वर्षात, एकाच लाटेत. ती लाट अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर, मतदानाचा हक्क मागताना, डोकी फोडून घेतलेल्या काळ्या लोकांनी उठवली होती. आपले इंजिनियर, डॉक्टर त्या उघड्या दारातून आत गेले.

महाराष्ट्रात हे नातं जुनं आहे. जोतिबांनी १८७३ साली "गुलामगिरी" अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या निर्मूलनासाठी झटणाऱ्या लोकांना. आणि बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं ते हेच की राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. बहुमत मिळालं म्हणून चौदावी घटनादुरुस्ती एका सहीने बाजूला ठेवता येत नाही. जन्माने नागरिकत्व हे १८६८ पासून घटनेत आहे आणि १८९८ मध्ये एका चिनी कुटुंबाच्या मुलाच्या खटल्यात कोर्टाने ते पक्कं केलंय. सडेतोड, जानेवारीतला आदेश नुसता कागदपत्रं नसलेल्यांसाठी नाही. आई एच-वन-बीवर किंवा एच-फोरवर (एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) आणि वडीलही ग्रीनकार्डच्या रांगेत असतील, तर त्यांचं बाळही त्यात येतं. तुमच्या चौदा वर्षांत तुम्हाला मूल झालं असेल तर हिशेब करून पाहा.

सडेतोड | २२ नोव्हेंबर, ६:०५

झालं. मुलगी, २००९. काका, तो आदेश कोर्टांनी अडवला आहे आणि अडवायलाच हवा होता. पण म्हणूनच म्हणतो, संस्था काम करतायत. आणि ग्रीनकार्डच्या रांगेचं उत्तर अजून कोणीच दिलं नाही.

ओंजळ | २२ नोव्हेंबर, रात्री ९:२०

"संस्था काम करतायत" या वाक्यावर लिहायला बसले आणि लांबलं, माफ करा.

मी डेट्रॉईटच्या पश्चिमेला राहते आणि २०२० पासून दर निवडणुकीला मतदान केंद्रावर काम करते. पहाटे सहाला हजर. दोन्ही पक्षांची माणसं एकत्र शपथ घेतात. केंद्र सात ते आठ, तेरा तास. मतदार येतो, अर्ज भरतो, ओळखपत्र दाखवतो, लॅपटॉपवर नाव सापडतं, मतपत्रिका मिळते. मतपत्रिकेच्या वर एक छोटा तुकडा असतो, त्यावर नंबर. मशीनमध्ये घालायच्या आधी आमच्यातलं कोणीतरी तो नंबर अर्जाशी ताडून पाहतं आणि तुकडा फाडून घेतं. म्हणजे दिलेलीच मतपत्रिका परत आली याची खात्री होते, पण कोणी कोणाला मत दिलं ते कळत नाही. दिवसभरात हे शेकडो वेळा. माझ्या अंगठ्याला संध्याकाळी कागदाने चिरा पडलेल्या असतात.

रात्री आठनंतर मेळ घालायचा. मशीनवरचा आकडा आणि यादीतल्या मतदारांचा आकडा एक यायला हवा. मागच्या वर्षी आमचा एकाने चुकत होता. रात्री पावणेदहा वाजलेले. माझ्याबरोबर एक रिपब्लिकन आजोबा होते, मोटार कारखान्यातून निवृत्त. आम्ही दोघांनी सगळे अर्ज टेबलावर पसरले आणि एकेक मोजले. दोन अर्ज एकमेकांना चिकटले होते. आकडा जुळल्यावर आजोबांनी माझ्या हातावर टाळी दिली. ती माझी संस्था. दोन थकलेली माणसं आणि चिकटलेला कागद.

आणि याच कामासाठी लोकांना काय भोगावं लागलं? २०२० मध्ये डेट्रॉईटच्या मोजणी केंद्राबाहेर जमाव काचांवर हात आपटत "मोजणी थांबवा" ओरडत होता. जॉर्जियात रुबी फ्रीमन आणि शे मॉस या मायलेकींवर खोटे आरोप झाले, घर सोडावं लागलं. २०२३ मध्ये ज्युरीने ट्रम्प यांचे वकील जुलियानी यांच्याविरुद्ध १४ कोटी ८० लाख डॉलरची भरपाई ठरवली, पण गेलेली झोप कोण भरून देणार? संस्था काम करतायत, सडेतोड, कारण अशी माणसं अजून पहाटे सहाला येतायत. यायची थांबली तर काय?

आता अंगणवेलच्या प्रश्नाकडे. २०२२ ला आठ वाजायला दहा मिनिटं असताना एक माणूस धावत आला. पायात कामाचे बूट, गळ्यात बिल्ला. मंगळवारी सुट्टी नसते, दुसऱ्या शिफ्टमधून दोन तासांचा पगार सोडून आला होता. आठच्या आत रांगेत उभं राहिलं की मत देता येतं, म्हणून त्याला मत देता आलं. त्या माणसाला तुम्ही विचारा, लोकशाही आधी की पगार. त्याने एकासाठी दुसरं मोजलं होतं.

अंगणवेल | २२ नोव्हेंबर, ९:४८

ओंजळ, तीन वेळा वाचलं. अंगावर काटा आला.

पिंपळपान | २३ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

अवांतर होतंय, पण मिशिगनवाले एवढे जमलेत तर विचारते. आपले श्री ठाणेदार? बेळगावचा मराठी माणूस डेट्रॉईटमधून अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, म्हणून आमच्या मंडळात केवढा आनंद झाला होता.

ओंजळ | २३ नोव्हेंबर, ९:१५

आनंद मलाही झाला होता. चिकोडीत जन्म, गरिबीतून वर आले, २०१८ मध्ये गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत डाव्या वळणाचे सिनेटर बर्नी सँडर्स यांच्यासारखी भूमिका घेऊन उभे राहिले आणि हरले, २०२२ मध्ये खासदार झाले. एप्रिलमध्ये ट्रम्प यांच्यावर महाभियोगाचा प्रस्ताव त्यांनीच आणला. पण इथली दुसरी बाजूही ऐका. ते निवडून आले तेव्हा जवळजवळ सत्तर वर्षांत पहिल्यांदा डेट्रॉईटला काळा खासदार उरला नाही, आणि ते शहर बहुसंख्य काळ्यांचं आहे. प्रचारात त्यांनी स्वतःचा बराच पैसा घातला, तोही लोकांना खुपतो. आता पुढच्या ऑगस्टच्या प्रायमरीत पुरोगाम्यांनी त्यांच्यासमोर डोनावन मॅककिनी हे राज्यातले आमदार उभे केलेत, सँडर्स यांचा त्यांना पाठिंबा आहे.

कट्टेकरी | २३ नोव्हेंबर, ९:४०

मराठी माणसाला मराठी माणसाने पाडायचं, ही परंपरा तिथेही नेऊ नका!

ओंजळ | २३ नोव्हेंबर, १०:०५

कट्टेकरी, मतं डेट्रॉईटच्या लोकांची आहेत. भाषा एक म्हणून मन ओढतं, ते माझंही ओढतं. पण त्या वस्तीतल्या पाण्याचं बिल, बंद पडलेली बस, मुलांच्या शाळा यांच्याबद्दल कोण जास्त लढेल हे तिथल्यांनाच ठरवू दे.

जुना_जाणता | २३ नोव्हेंबर, ११:२०

योग्य बोललात. आता मूळ विषयावर या सगळे.

टेकडीवरचा | २३ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

मूळ विषयावरच. कॅलिफोर्नियाने टेक्सासला उत्तर म्हणून ४ नोव्हेंबरला जनमत घेऊन स्वतःचे नकाशे बदलले. मला ते शंभर टक्के पटलं. समोरचा काठी घेऊन आलाय आणि आपण नियमांचं पुस्तक वाचत बसायचं का?

ओंजळ | २३ नोव्हेंबर, १:३०

मला नाही पटलं. कॅलिफोर्नियाच्या लोकांनी २००८ आणि २०१० मध्ये मोठ्या कष्टाने नकाशे पक्षांच्या हातून काढून नागरिकांच्या आयोगाकडे दिले होते. ते २०३० पर्यंत बाजूला ठेवले. परत आणू म्हणतात. हातात आलेली सत्ता कोणी परत ठेवतं का?

आमच्याकडे बघा. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिशिगनमधल्या एका तरुणीने फेसबुकवर दोन ओळी टाकल्या, मतदारसंघांच्या या वेड्यावाकड्या नकाशांचं काहीतरी करायचंय, कोणी येणार का? राजकारणाचा अनुभव शून्य. त्यातून हजारो स्वयंसेवक उभे राहिले, चार लाखांवर सह्या गोळा झाल्या. जत्रांमध्ये, पार्किंगमध्ये, थंडीत. २०१८ मध्ये ६१ टक्के लोकांनी होकार दिला. आता तेरा सामान्य नागरिक नकाशे काढतात: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठलेच नाहीत असे.

नव्या नकाशावर २०२२ ची निवडणूक झाली. जवळजवळ चाळीस वर्षांनी डेमोक्रॅटांकडे राज्याची दोन्ही सभागृहं आली. २०२३ मध्ये कामगार संघटनांना कमजोर करणारा २०१२ चा कायदा रद्द झाला. आणि राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांमध्ये मुलांना नाश्ता आणि दुपारचं जेवण मोफत झालं, घरचं उत्पन्न न विचारता.

अंगणवेल, तुझी लेक सरकारी शाळेत आहे ना?

अंगणवेल | २३ नोव्हेंबर, २:०४

हो. चौथीत. रोज शाळेत जेवते. शाळेत जेवणाचे पैसे भरायचे बंद झाले तेव्हा मला वाटलं होतं शाळेनेच काहीतरी योजना काढली असेल. त्यामागे नकाशा आहे हे आज पहिल्यांदा कळलं.

तिच्या वर्गात एक मुलगा आहे, पूर्वी त्याच्या ताटलीत नेहमी फक्त चीज सँडविच असायचं, कारण त्याच्या खात्यात पैसे नसायचे. हे मला तिच्या शिक्षिकेने सांगितलं होतं. आता सगळ्यांची ताटली सारखी.

मी धाग्याच्या सुरुवातीला जे लिहिलं ते आता तसंच लिहिणार नाही. त्या बाईच्या दारात मला "लोकशाही धोक्यात आहे" असं न म्हणता "मुलाचं जेवण मोफत झालं ते या नकाशामुळे, आणि भाड्याचा कायदाही असाच होऊ शकतो" असं सांगता यायला हवं होतं.

सडेतोड | २३ नोव्हेंबर, ३:२५

गोष्ट अर्धी सांगू नका. त्याच आयोगाने डेट्रॉईटमधले तेरा मतदारसंघ वंशाच्या हिशेबावर आखले, म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये फेडरल कोर्टाने ते रद्द केले, परत काढावे लागले. आणि २०२४ मध्ये खालचं सभागृह रिपब्लिकनांनी परत जिंकलं.

पण आयोगाच्या बाजूने २०१८ मध्ये मीही मत दिलं होतं. ते चांगलंच काम आहे.

ओंजळ | २३ नोव्हेंबर, ३:५०

बरोबर, ते दोन्ही झालं. डेट्रॉईटच्या काळ्या मतदारांनीच तो खटला भरला होता आणि त्यांचं म्हणणं योग्य होतं. आणि सभागृह परत फिरू शकलं, यातच नकाशा सरळ असल्याचा पुरावा आहे. सडेतोड, आमच्या केंद्रांवर रिपब्लिकन माणसं कमी पडतात. ऑगस्टसाठी क्लार्कच्या (निवडणुकीचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या) ऑफिसात अर्ज भरा, खरंच सांगते.

टेकडीवरचा | २४ नोव्हेंबर, रात्री १०:१५

दोन दिवस विचार करतोय. ओंजळताई, तुमची मिशिगनची गोष्ट ऐकून बरं वाटलं आणि वाईटही. टेक्सासमध्ये नागरिकांना सह्या गोळा करून जनमत मागायची सोयच नाही. निम्म्या राज्यांत ती कुठल्या ना कुठल्या रूपात आहे, आमच्याकडे नाही. चार लाख काय, चाळीस लाख सह्या आणल्या तरी ठेवायला जागा नाही. आम्ही काय करायचं?

पिंपळपान | २५ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

टेकडीवरचा दादा, तुमच्या मंडळात गणपतीला किती माणसं येतात?

टेकडीवरचा | २५ नोव्हेंबर, ८:३०

हजारभर तरी.

पिंपळपान | २५ नोव्हेंबर, ८:४१

त्यातले सिटिझन किती, आणि प्रायमरीला किती जातात? आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मंडळात हा प्रश्न विचारला तेव्हा सभागृहात पाचच हात वर झाले होते. नोव्हेंबरला सगळे जातात, प्रायमरीला कोणी नाही. जिथे नकाशाने एका पक्षाची जागा पक्की केलीय, तिथे खरी निवडणूक प्रायमरीतच होते.

टेकडीवरचा | २६ नोव्हेंबर, रात्री ९:०५

पिंपळपान, यादी काढली. माझ्या ओळखीत गेल्या दोन वर्षांत सिटिझन झालेले अकरा जण निघाले. त्यातल्या सहा जणांनी मतदार म्हणून नावच नोंदवलेलं नाही, त्यात माझी बायको आणि मेव्हणा. टेक्सासची प्रायमरी ३ मार्चला आहे, नोंदणीची शेवटची तारीख २ फेब्रुवारी. मतदार नोंदणी इथे पक्षानुसार होत नाही, म्हणजे कुठल्याही एका प्रायमरीत मत देता येतं. ऑनलाइन नोंदणी मात्र नाही, कागदावर सही करून अर्ज पोस्टाने पाठवावा किंवा नेऊन द्यावा लागतो.

सहा अर्ज छापून आणलेत. बायकोचा आत्ताच जेवणाच्या टेबलावर भरून झाला. उद्या थँक्सगिव्हिंगला मेव्हणा येतोय, त्याची सही जेवायला वाढायच्या आधी घेणार. बाकी चौघांना शुक्रवारी अर्ज देऊन येतो, शनिवारी ज्याने त्याने आपापलं पाकीट पोस्टात टाकायचं.